‘रन’ : ६४५ अर्थांचा धनी

१४ सप्टेंबर २००७ च्या सकाळी इंग्लंडमध्ये नॉर्दर्न रॉक नावाच्या बँकेच्या शाखांसमोर रांगा लागल्या. या बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी आदल्या रात्री बीबीसीने दिली होती. ठेवीदारांनी रात्र कशीबशी काढली आणि दार उघडायच्या आत येऊन उभे राहिले. ओळीत, शिस्तीत, तासन्‌तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरकारने ठेवींची हमी दिली तेव्हा कुठे रांगा ओसरल्या. ब्रिटनमधल्या बँकेवर अशी वेळ शंभराहून अधिक वर्षांत आली नव्हती, त्यामुळे वर्तमानपत्रांना शब्द शोधावा लागला नाही, जुनाच हाताशी होता: ‘बँक रन’. एका जागी खिळून उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेला इंग्रजी भाषा ‘रन’ म्हणते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वावगं वाटू नये, कारण पायांशी या शब्दाचा संबंध केव्हाच सैल झालेला आहे. इंग्रजी शाळेत पहिलीच्या मुलाला ‘रन’ म्हणजे पळणे असं शिकवतात. ते खोटं नाही, पण शिवाजी पार्क दाखवून ‘ही मुंबई’ म्हणण्यासारखं आहे. घड्याळ रन होतं, नाक रन होतं, नाटक रन होतं, दुकान रन होतं, ताप रन होतो, रस्ता रन होतो, घराण्यात एखादा आजार रन होतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी या क्रियापदाची नोंद नव्याने तपासली तेव्हा त्यांच्या हाती ६४५ अर्थ लागले. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने या एका शब्दात गेले. ही सुधारित नोंद २०११ मध्ये आली आणि इंग्रजीतला सर्वाधिक अर्थांचा शब्द म्हणून ‘रन’चं नाव लागलं.

त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. १९८९ साली ऑक्सफर्ड कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते आणि नोंद साठ हजार शब्दांची होती. मराठीत एवढ्या मजकुराची चांगली जाडजूड कादंबरी होते. मग तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं. संपादकांनी सुरुवात ‘ए’पासून न करता ‘एम’पासून केली, त्यामुळे आधी ‘मेक’ पुढे गेला, २००७ मध्ये ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’.

हा क्रम नीट पाहिला तर एक शंका यायला हवी. ‘सेट’चे अर्थ या काळात कमी झाले नव्हते. ‘रन’चेही दहा वर्षांत अचानक वाढले नव्हते. वाढली होती ती तपासणी. ज्या शब्दावर संपादकाचा हात आधी पडला, त्याचे अर्थ जास्त भरले. म्हणजे ६४५ हा आकडा जितका शब्दाविषयी बोलतो, तितकाच तो कोशकाराच्या सुरीविषयी बोलतो. लेखांचे मथळे हे सांगत नाहीत. विक्रम म्हटला की आकडा पुरतो.

सुरी म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून कळेल. इंग्रजीत नळ रन होतो, नाक रन होतं, शाई रन होते, धुण्यात टाकलेल्या लाल कपड्याचा रंग रन होतो. इंग्रजाच्या डोक्यात ही एकच क्रिया असण्याची शक्यता आहे: पातळ पदार्थ जागा सोडून निघाला. मराठी माणसाला मात्र चार वेगळी क्रियापदं लागतात. नळ चालू राहतो, नाक गळतं किंवा वाहतं, शाई फुटते, रंग जातो. आता कोशकाराने इथे एक अर्थ लिहायचा की चार? जोडणारा कोशकार एकात भागवेल. तोडणारा नाकाला वेगळा कप्पा करील, रंगाला वेगळा, आणि ‘नळ चालू ठेवला’ या सकर्मक वापराला आणखी एक. ऑक्सफर्डचा कोश तोडणाऱ्यांचा आहे, आणि त्याला कारणही आहे. तिथे प्रत्येक अर्थाखाली त्या अर्थाने झालेल्या वापराची उदाहरणं सालवार लावलेली असतात, जुन्यातल्या जुन्यापासून अलीकडच्यापर्यंत. कप्पे बारीक केले तरच कुठली छटा केव्हा जन्मली, ते दिसतं.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने कोशाचा विचार १८५७ मध्ये सुरू केला. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही त्याच साली, म्हणजे मराठीचा मोठा कोश छापून झाला होता तेव्हा इंग्रज आपल्या भाषेच्या कोशासाठी बैठका घेत होते.) जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले. घराच्या आवारात पत्र्याची खोली बांधून, भिंतींना चिठ्ठ्यांचे खण ठोकून त्यांनी काम मांडलं. जगभरचे हौशी वाचक पुस्तकं वाचायचे, शब्दाचा वापर दाखवणारं वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवायचे. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले. ‘आर’ अक्षराचं काम त्यांचे सहसंपादक विल्यम क्रेगी यांच्या वाट्याला आलं होतं. ज्यांनी कधी चार-पाच हजार चिठ्ठ्यासुद्धा हाताने लावल्या आहेत, त्यांना ‘रन’च्या ढिगासमोर बसलेल्या क्रेगींची दया येईल.

दया यायला त्याआधीचेही उमेदवार आहेत. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला कोश प्रसिद्ध केला. त्यातल्या ‘टेक’ला १३४ अर्थ आहेत. प्रस्तावनेत त्यांनी अशा सैल, मोघम, कुठेही घुसणाऱ्या क्रियापदांबद्दल जवळजवळ तक्रारच केली आहे. सोबत त्यांची यादीही दिली. ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘मेक’, ‘टेक’ आणि त्यांच्याच पंक्तीत ‘रन’. कोशकाराची डोकेदुखी ठरणारे शब्द अडीचशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत, हे पाहून गंमत वाटते. आणि ते सगळे लहान, एकाक्षरी, घरगुती शब्द आहेत. विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून आणलेला एकही शब्द या यादीत घुसू शकलेला नाही.

आता ‘रन’ इतका फुगला कसा? त्याचं पहिलं कारण व्याकरणात आहे आणि ते मराठी वाचकाला चटकन पटेल. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. एक स्वतः धावण्या-वाहण्याचं, दुसरं धावायला लावण्याचं. आपल्याकडे पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे आहेत, तसं. कालांतराने इंग्रजीचे प्रत्यय झिजले, शेजारच्या स्कँडिनेव्हियन भाषेचा मारा झाला आणि दोन्ही क्रियापदं एकाच रूपात विरघळली. जर्मनने आपली जोडी जपली आहे. तिथे वाहण्याला ‘रिनेन’ आणि वेगाने पळण्याला ‘रेनेन’ म्हणतात, आणि दुसरा शब्द मुळात पहिल्याचंच प्रयोजक रूप आहे. इंग्रजीत मात्र दुकान स्वतः चाललं तरी ‘रन’ आणि मालकाने चालवलं तरी ‘रन’. त्यामुळे कोशात जवळजवळ प्रत्येक अर्थाची जुळी भावंडं निघतात. आपला एक ‘व’ मध्ये घातला की जे काम होतं, त्यासाठी तिकडे कप्प्यांची संख्या वाढते. ६४५ मधले कितीतरी अर्थ या एका ‘व’च्या अभावी जन्मले आहेत.

दुसरं कारण जुनं आहे: हा शब्द आधीपासूनच पायांचा होता तसा पाण्याचाही होता. प्रवाहाचा अर्थ नंतर लाक्षणिक म्हणून आलेला नाही. इंग्लंडच्या काही भागांत आणि अमेरिकेत ओढ्यालाच ‘रन’ म्हणतात. व्हर्जिनियात अशाच एका ओढ्याचं नाव बुल रन. अमेरिकन यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी त्याच्या काठी झाली. उत्तरेकडच्यांनी लढाईला ओढ्याचं नाव दिलं, दक्षिणेकडच्यांनी जवळच्या मनॅसस गावाचं, आणि आजही पुस्तकावर कुठलं नाव आहे यावरून लेखकाचा कल ओळखू पाहणारे वाचक आहेत. दलाल स्ट्रीटवरच्या माणसाला ‘बुल रन’ म्हटलं की निर्देशांकाची चढती रेघ दिसते. स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या गल्ल्यांत जुलै महिन्यात उधळणाऱ्या बैलांपुढे लोक जिवाच्या आकांताने पळतात, त्यालाही इंग्रजी वाचक हेच म्हणतो. तीन ‘बुल रन’, आणि खरोखर पळापळ तेवढी एकाच ठिकाणी.

पाण्याच्या याच घरातून एक अनपेक्षित नातेवाईक निघतो. चीज करताना दूध फाडण्यासाठी जे विकर घालतात ते ‘रेनेट’. तो शब्दही ‘रन’च्याच कुळातला. दुधाचे कण एकत्र धावले की दूध साकळलं, अशी ती जुनी कल्पना. वाहणं आणि साकळणं, दोन्हींना एकच मूळ.

तरीही अठराव्या शतकापर्यंत हा शब्द जॉन्सनना छळण्याइतका मोठा असला, तरी विक्रमवीर नव्हता. त्याला खरं बळ दिलं ते यंत्रांनी. वाफेचं इंजिन आलं तेव्हा त्याच्या कामाला काय म्हणायचं, हा प्रश्न होता. यंत्र काही करतं, सतत करतं, थांबेपर्यंत करतं, आणि त्याला कुणीतरी करायला लावतं. ‘रन’मध्ये हे सगळं आयतं होतं: गती, सातत्य, आणि करणे-करवणे दोन्ही. गिरणी रन होऊ लागली, आगगाडी रन होऊ लागली, मग वेळापत्रक, मग कंपनी, मग निवडणुकीची मोहीम. छापखान्यात एका खेपेला निघालेल्या प्रती म्हणजे ‘रन’. रंगभूमीवर सलग झालेले प्रयोग म्हणजे ‘रन’. शेवटी संगणक आला तेव्हा त्याच्या आज्ञावलीसाठी नवा शब्द घडवायची गरजच पडली नाही. गिलिव्हर यांनीही या वाढीचं मोठं श्रेय यंत्रयुगालाच दिलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे.

यात ‘न थांबता, न निवडता’ ही छटा सर्वांत कामाची ठरली. गिरणीतून किंवा खाणीतून जसा माल बाहेर पडला तसा, प्रतवारी न करता उचलला, तो ‘रन’चा माल. त्यावरून ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे सामान्य, चारचौघांसारखा. साहित्यिक इंग्रजीत हा वाक्प्रचार आता नुसता अलंकार उरला आहे, पण चंद्रपूर-वणी पट्ट्यात त्याचा भाऊ रोज कामावर जातो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतून निघालेला, न चाळलेला, दगड-चुऱ्यासकटचा कोळसा ‘रन ऑफ माइन’ म्हणून ओळखला जातो आणि कागदोपत्री ‘आरओएम’ या तीन अक्षरांत मावतो.

आगगाडीने आपल्यालाही एक गोष्ट चिकटवली. मराठीत गाडी येते, जाते, सुटते, चुकते, लागते, बंद पडते. रोजच्या बोलण्यात ती ‘धावत’ नाही. फलाटावर उभा असलेला माणूस शेजाऱ्याला ‘गाड्या चालू आहेत का?’ असंच विचारतो. पण बातमीत आणि फलाटावरच्या घोषणेत गाड्या ‘वीस मिनिटं उशिराने धावत आहेत’. हे इंग्रजी ‘रनिंग लेट’चं मराठी पांघरूण. पावसाळ्यात कुर्ला-सायनदरम्यान रुळांत पाणी भरलेलं असताना, डब्यात अर्धा तास लोंबकळणाऱ्या माणसाला आपली गाडी उशिराने का होईना पण धावते आहे, हे ऐकताना काय वाटत असेल ते विचारू नये.

क्रिकेटचा ‘रन’ मात्र आपल्याला परका वाटत नाही. त्याची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या गावमैदानांवर गुण लिहून ठेवत नसत, काठीवर खाचा पाडत. फलंदाजाने एकदा समोरचं टोक गाठलं की एक खाच. त्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांच्या वृत्तांतात ‘इतक्या खाचा काढल्या’ अशी भाषा येते. ‘स्कोअर’ या शब्दाचाही मूळ अर्थ खाचच. पुढे कागद आला, काठी गेली, आणि खाचेच्या जागी जिच्यामुळे खाच पडायची ती धाव मोजली जाऊ लागली. नंतर सीमारेषा ठरली. चेंडू रेषेपार गेला की चार रन मिळू लागले आणि त्यासाठी पळायची अटही राहिली नाही. गोलंदाजाने चेंडू फार बाहेर टाकला तरी एक रन. इथेही शब्दाने पाय सोडून दिले.

मराठीत ‘धाव’ हा शब्द रूढ करण्यात वर्तमानपत्रांचा वाटा आहे, तसाच आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्या समालोचनाचा. धावफलक, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत हे शब्द अनेकांच्या कानावर पहिल्यांदा रेडिओतूनच पडले. त्यानंतर मराठी क्रियापदांनी ‘धावे’चं जे केलं ते इंग्रजीला सुचलं नसतं. फलंदाज धावा काढतो, जमवतो, ठोकतो, कुटतो. गोलंदाज त्या देतो किंवा लुटवतो. धाव ही आता क्रिया उरलीच नाही. ती विहिरीतून काढायची, पोत्यात भरायची, प्रसंगी उधळायची वस्तू झाली.

इंग्रजांची आणि अमेरिकनांची या शब्दावरून एक जुनी मौज आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपण ब्रिटिशांच्या बाजूचे. आपला उमेदवारही उभा राहतो, आणि त्यात भर घालून पुढे पडतोही. मोज्याचा धागा सुटून रेघ गेली तर अमेरिकेत तो ‘रन’, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’, शिडी.

‘रन’ला लागणारी शेपटं हा तर परदेशी शिकणाऱ्यांचा कर्दनकाळ. ‘रन इन्टू’ म्हणजे अवचित भेटणं किंवा आदळणं. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं किंवा ठरल्या वेळेपेक्षा लांबणं. ‘रन डाउन’ म्हणजे बॅटरी उतरणं किंवा पाठीमागे नावं ठेवणं. ‘रन आउट’ झाला तर साखर संपली असेल नाहीतर फलंदाज बाद झाला असेल. यात नियम शोधू नये. पाठ करावं.

आणि आता आपल्या घरात शिरलेला ‘रन’. तो विद्यापीठातून आला नाही, कामाच्या जागांवरून आला. स्वयंपाकघराचा ओटा करायला घेतलेल्या कुठल्याही बाईंना विचारा. मिस्त्री टेप लावून बघतो, भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहितो आणि म्हणतो, “ताई, ट्रॉलीचा रेट स्क्वेअर फुटाने धरलाय, पण ग्रॅनाइटची पट्टी रनिंग फुटाने पडेल.” म्हणजे पट्टीची रुंदी, जाडी बघायची नाही, फक्त लांबी मोजायची, कोपऱ्यात वळली तरी न तुटता मोजत जायची. ही ‘सलग’ची छटा ऑक्सफर्डच्या कोशात एका कप्प्यात बंद आहे. ती आपल्या मिस्त्रीला हिशेबाच्या वहीतून कळलेली आहे, आणि अचूक कळलेली आहे. ताईंनाही ती बिल आलं की कळते.

असे आणखी आहेत. कंत्राटदार काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावतो ते ‘रनिंग बिल’. कापडदुकानात जो पटकन खपतो तो ‘रनिंग माल’, तुम्हाला हवा तो साइझ नसला की दुकानदार सांगतो, “तो रनिंग साइझ आहे, लगेच उचलला जातो.” जुनी गाडी विकणारा ‘रनिंग कंडिशन’ लिहितो तेव्हा गाडी धक्का न मारता सुरू होते, एवढंच त्याला म्हणायचं असतं. रेल्वेत चालक आणि गार्ड हा ‘रनिंग स्टाफ’, आणि भुसावळ किंवा इगतपुरीला त्यांच्यासाठी ‘रनिंग रूम’ असते. तिथे खाटा मांडलेल्या असतात, जेवणाची सोय असते आणि ड्यूटी संपवून आलेली माणसं गाढ झोपलेली असतात. शिवणकामात मात्र आपण इंग्रजीकडे गेलो नाही. गोधडीवर जो सरळ टाका पुढेपुढे जातो त्याला ‘धावदोरा’ हा देखणा शब्द आहेच, जरी शिवणाच्या क्लासमध्ये ‘रनिंग स्टिच’ ऐकू येत असला तरी.

‘रन’चं कौतुक ऐकून मराठी गरीब आहे असा समज होऊ द्यायला मी तयार नाही. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नजर लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, डोळा लागतो, झाडाला आंबे लागतात, घाटात बस लागते, भाजी करपून बुडाशी लागते, बोललेलं लागतं, पैसे लागतात, वेळ लागतो, आणि एखादा नात्याने काका लागतो. रडू लागतो, जावं लागतं, हे मदतनीस म्हणून केलेलं काम वेगळंच. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, त्यानंतर त्या ताकदीने मराठी शब्दांच्या अंगोपांगांकडे कुणी पाहिलेलं नाही. एखाद्या मराठी गिलिव्हरला नऊ महिने पगार देऊन ‘लागणे’समोर बसवलं, हातात बारीक सुरी दिली, तर किती कप्पे निघतील याचा अंदाज मी करणार नाही. पण ‘व’ची मदत घेऊन ‘लावणे’ वेगळा काढल्यावरही ढीग मोठा असेल.

एवढ्यात मात्र ‘रन’ने मराठीत एक नवी जागा पटकावलेली दिसते. तिथे त्याचा अर्थ नेमका ‘चालवणे’ असा आहे, म्हणजे ज्यासाठी आपल्याकडे उत्तम शब्द आहे. पुण्या-मुंबईच्या तिशीतल्या मंडळींचं बोलणं ऐका. एखादी कॅफे रन करते, एखादा स्टार्टअप रन करतो, कुणी इन्स्टाग्रामचं पेज रन करतं. त्याच मंडळींच्या मावशी खाणावळ चालवतात आणि काका किराणा दुकान चालवतात. खाणावळ रन करणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. कामात फरक नाही: पहाटे उठायचं, माल आणायचा, माणसं टिकवायची, उधारी वसूल करायची. फरक कशात आहे ते भाड्याच्या पावतीवरून आणि कॉफीच्या दरावरून कळतं. ऑक्सफर्डवाले अर्थांना सालं लावतात, पण कुठला शब्द कुठल्या तोंडी किती भाड्याच्या जागेत वापरला जातो, यासाठी त्यांच्याकडे कप्पा नाही. मराठी कोशकाराने पुढेमागे ‘रन करणे’ ही नोंद घेतलीच, तर त्याला तो करावा लागेल.